झुंबर घ्यायला जाताय? आधी टेप घेऊन खोली मोजा

आपल्या गोव्यात आता घराघरात झुंबरं यायला लागलीत. पूर्वी झुंबर म्हटलं की मंगेशीचा नाहीतर कवळ्याच्या शांतादुर्गेचा सभामंडप आठवायचा, नाहीतर चांदोरचं ते मिनेझिस ब्रागांझांचं घर आणि त्यातला नाचाचा मोठा हॉल. आता पर्वरीच्या टू बीएचकेमध्ये पण हॉलला झुंबर हवंच असतं, आणि मला ते बघून खरंच बरं वाटतं, कारण मला झुंबरं मनापासून आवडतात आणि नुसत्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली आयुष्य काढायची काही गरज नाही असं माझं ठाम मत आहे. पण साईज! साईजचं काय करतात लोक! एवढे पैसे घालून आणलेलं झुंबर एकतर छताला चिकटलेल्या वाटीएवढं दिसतं नाहीतर माणूस सोफ्यावरून उठला की डोकं आपटतं. आणि हे सगळं टाळता येतं हो, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त ते दुकानात जायच्या आधी करायचं असतं, नंतर नाही.

शोरूममध्ये काय होतं बघा. तिथलं छत असतं चांगलं उंच, वर एकाशेजारी एक कितीतरी झुंबरं टांगलेली, सगळी पेटलेली, खाली फर्निचर नाही, भिंती लांब. अशा जागी कुठलंही झुंबर लहानच वाटतं. मग माणूस आपसूक एक साईज मोठं उचलतो. किंवा उलटं, किंमत बघून घाबरतो आणि एक साईज लहान उचलतो. दोन्ही वेळी खोलीचा विचारच होत नाही. विकणाऱ्याला तुम्ही विचारलंत की "आमच्या हॉलला कुठलं बरं दिसेल?" तर तो बिचारा काय सांगणार, त्याने तुमचा हॉल बघितलाय कुठे? त्याच्या हातात आकडे द्या, म्हणजे तो पण नीट दाखवतो.

तर पहिला आकडा. खोलीची लांबी फुटात मोजा, रुंदी फुटात मोजा, दोन्हींची बेरीज करा, जो आकडा येईल तेवढे इंच झुंबराचा व्यास. बस. माझ्या भावाचा पर्वरीचा हॉल १२ बाय १६ आहे, म्हणजे १२ आणि १६ मिळून २८, तर साधारण २८ इंच व्यासाचं झुंबर. बेडरूम १० बाय १२ असेल तर २२ इंच. मीटरमध्ये मोजलंत तर हे गणित बसत नाही, फूट आणि इंचच घ्यायचे, आणि आपले सुतार, मिस्त्री सगळे अजून फूट-इंच-सुतातच बोलतात त्यामुळे काही अडचण येत नाही. २८ इंच म्हणजे नेमकं किती मोठं हे डोळ्यासमोर येत नसेल तर मोठ्या माणसाच्या साध्या सायकलचं चाक आठवा, जवळजवळ तेवढं. बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो, "एवढं मोठं?" म्हणतात. हो, एवढं मोठं. आपल्याकडे मध्यम आकाराच्या हॉलमध्ये सर्रास १६-१८ इंची झुंबरं लावलेली असतात आणि म्हणून ती उपरी दिसतात, खोलीचा भाग वाटतच नाहीत.

अर्थात हा नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. दोन-तीन इंच इकडे तिकडे चालतं. बारीक दांड्यांचं, मोकळं, आरपार दिसणारं झुंबर असेल तर बेरजेपेक्षा थोडं मोठं घेतलं तरी खोलीवर दडपण येत नाही, पण काचेच्या लोलकांनी गच्च भरलेलं किंवा कापडी शेडचं गोल ड्रमसारखं असेल तर मी दोन इंच कमीच घेईन. आकडा तोच, पण डोळ्याला भार वेगळा वाटतो. आणि हॉल-डायनिंग एकत्र असेल, जसं आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये असतं, तर अख्ख्या लांबीची बेरीज करू नका, बसायचा भाग वेगळा मोजा आणि जेवायचा वेगळा. नाहीतर २४ फुटी लांब हॉलला ३६ इंची झुंबर येईल आणि ते धड सोफ्याचं नाही धड टेबलाचं नाही असं मध्येच लटकत राहील.

आता उंची, आणि इथेच खरी गोम आहे. छताच्या दर फुटाला अडीच ते तीन इंच झुंबराची स्वतःची उंची धरतात. १० फुटी छत असेल तर २५ ते ३० इंच. ठीक आहे. पण त्याचबरोबर दुसरा नियम असा की जिथून माणसं चालतात तिथे झुंबराचं खालचं टोक जमिनीपासून निदान ७ फूट वर पाहिजे. हे दोन्ही एकत्र मांडून बघा. साडेनऊ फूट छत, म्हणजे ११४ इंच. त्यातून ७ फूट म्हणजे ८४ इंच वजा. उरले ३० इंच. या ३० इंचात झुंबर, वरची साखळी आणि छताला चिकटणारी वाटी सगळं बसलं पाहिजे. २४ इंचाचं झुंबर आणि ६ इंचात साखळी-वाटी, छान बसतं. पण आता समजा तुम्ही पीओपीचं फॉल्स सीलिंग केलंत आणि छत साडेआठ फुटावर आलं. १०२ वजा ८४, राहिले फक्त १८ इंच! पहिला नियम अजून २१ ते २५ इंच सांगतोय, पण जागाच नाही. अशा वेळी डोक्याचा नियम जिंकतो, शोभेचा नाही. मग आडवं पसरलेलं, कमी उंचीचं, छताला जवळ बसणारं झुंबर घ्यायचं, व्यास बेरजेएवढाच ठेवायचा आणि उंची कापायची. कृपा करून २८ इंच व्यासाच्या जागी १४ इंचाचं घेऊ नका, कमी करायची ती उंची.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं, फॉल्स सीलिंग ठरवायच्या आधी झुंबर ठरवा. वहिनीने तेच केलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता सगळीकडे एक फूट खाली घेऊया, वायरिंग लपतं, तिने सांगितलं की कडेकडेने घे आणि मधला चौकोन मूळ स्लॅबपर्यंत मोकळा सोड. त्या मोकळ्या चौकोनात झुंबर बसलं आणि वरची वाटी आत गेली, एक फूट आयता वाचला.

आता पंखा. यावर बाहेरच्या लोकांचे लेख, व्हिडिओ काही बोलतच नाहीत कारण त्यांच्याकडे एसी नाहीतर थंडी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय हॉलमध्ये दहा मिनिटं बसून दाखवा. पंखा लागतोच, आणि बिल्डरने हूक दिलेला असतो बरोबर हॉलच्या मधोमध, आता तिथे पंखा की झुंबर? साधा पंखा १२०० एमएमचा म्हणजे ४८ इंची, मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत २४ इंच. २८ इंची झुंबर म्हणजे मध्यापासून १४ इंच. हे झाले ३८ इंच, आणि मध्ये दोन फूट तरी मोकळी हवा पाहिजे नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने लोलक रात्रंदिवस किणकिणत राहतात आणि झुंबर हळूहळू फिरतं. म्हणजे दोन हुकांमध्ये निदान सव्वापाच फूट अंतर. शिवाय बल्ब पात्यांपेक्षा वर असतील किंवा दिव्याच्या आणि भिंतीच्या मध्ये पातं येत असेल तर सगळ्या खोलीत उजेड लपलप लपलप करतो, डोकं दुखायला लागतं. १६ फुटी हॉल असेल तर मी झुंबर मध्यावरून थोडं सोफ्याच्या बाजूला घेईन, सेंटर टेबलाच्या बरोबर वर, आणि पंखा दुसऱ्या अर्ध्यात. मध्यच गाठला पाहिजे असं काही नाही, झुंबराखाली काय आहे त्याच्याशी ते जुळलं पाहिजे. १० बाय १० च्या खोलीत मात्र पंखा आणि झुंबर दोन्हींचा हट्ट धरू नये, तिथे भिंतीवरचे दिवे लावा, सुंदर दिसतात.

आणि अजून एक गोष्ट जी फक्त आपल्यालाच कळणार, ती म्हणजे माटोळी. ज्या खोलीत चवथीला गणपती बसतो तिथे वर माटोळीचा मांड बांधायचा असतो, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, निरफणस, तोरिंगां, रानातली फळं, सगळं त्या लाकडी चौकटीला लोंबतं. जुन्या घरात त्यासाठी कड्या असतातच. नवीन घरात लोक हॉल सजवताना विसरतात आणि बरोबर गणपतीच्या जागेसमोर झुंबर घेतात, मग चवथीच्या आदल्या दिवशी घरभर चर्चा, माटोळी कुठे बांधायची. भावाच्या घरी आईने आधीच विचारलं, "अरे गणपती कुठे बसणार ते सांग मला, मग काय ती रोषणाई करा." तिचं अगदी बरोबर होतं. माटोळीची चौकट कुठे येणार ते खडूने जमिनीवर आखून घ्या, तिच्या कडेपासून झुंबराची कड दोन-तीन फूट तरी लांब ठेवा, म्हणजे फळं बांधायला स्टूलवर चढणाऱ्याचे हात लोलकांत अडकत नाहीत.

डायनिंग टेबलावरच्या झुंबराला खोलीचं माप लावायचंच नाही, तिथे टेबलाची रुंदी बघायची. टेबलाच्या रुंदीच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत व्यास. ५ बाय ३ फुटी टेबल असेल तर रुंदी ३६ इंच, म्हणजे झुंबर १८ ते २४ इंच, त्याहून मोठं नको, दोन्ही बाजूंनी टेबलाची कड निदान सहा-सहा इंच बाहेर राहिली पाहिजे म्हणजे उठता-बसता कुणाच्या कपाळाला लागत नाही. आणि उंची टेबलाच्या पाटापासून वर ३० ते ३६ इंच. टेबल स्वतः ३० इंच उंच असतं, म्हणजे जमिनीपासून ६०-६६ इंचावर खालचं टोक. इथे ७ फुटांचा नियम लागत नाही कारण खाली टेबल आहे, कुणी चालत नाही. छत ८ फुटांहून उंच असेल तर दर जादा फुटाला तीनेक इंच वर घ्या. पण हे सगळं टेबल तिथेच राहणार असेल तरच हं. आपल्याकडे श्राद्ध असो, बारसं असो, पाहुणे आले की टेबल भिंतीला सरकवून खाली पंगत बसते, आणि मग पाच-साडेपाच फुटावर लटकणारं ते झुंबर वाढणाऱ्याच्या तोंडासमोर. अशा घरात साखळीला वर एक जादा हूक ठेवा, टेबल हलवलं की साखळीची एक घडी त्या हुकात अडकवून झुंबर वर घ्यायचं. लांबट आठ खुर्च्यांच्या टेबलाला एक गोल झुंबर ओढूनताणून बसवू नका, लांबट आडवं घ्या नाहीतर दोन छोटी घ्या.

जुनी कौलारू घरं हा माझा सगळ्यात आवडता विषय. बांदोड्याला मामाचं घर आहे, पुढे वसरी, आत चौक, राजांगणात तुळस. तिथे छत एका उंचीचं नाहीच, मधल्या आढ्याकडे चढत जातं आणि कडेला उतरतं. लोक विचारतात मग उंची कुठली धरायची? जिथून झुंबर लटकणार त्या बिंदूपासून जमिनीपर्यंतची. आणि उतरत्या बाजूचे वासे झुंबराच्या बाहूंना लागत नाहीत ना ते बघायचं, १४ फुटांवर कडी असली तरी तीन-चार फूट बाजूला गेलं की छत बरंच खाली आलेलं असतं. साखळी अशा ठिकाणी लांब लागते आणि ती लांबच छान दिसते. मुख्य म्हणजे वजन तुळईवर, फळ्यांवर नाही. माळ्याच्या फळ्या दिसतात जाड पण वाळवीने आतून काय केलंय ते कळत नाही, म्हणून मामाने आधी सुतार बोलावून तुळई ठोकून बघितली, आवाज भरीव आला तेव्हाच कडी मारली. अशा उंच खोलीत लहान झुंबर लावलं ना तर जीव तुटतो. वर एवढा मोठा काळोखा कौलांचा पोकळ भाग आणि त्यात बोटभर काहीतरी लुकलुकतंय. तिथे हात आखडू नका, बेरजेपेक्षा चार इंच मोठं घ्या, दोन मजली बाहू असलेलं घ्या, जुन्या घराला तेच शोभतं. आणि दिव्याच्या जुन्या काचेच्या हंड्या मिळाल्या तर अजून सुंदर, तीन हंड्या वेगवेगळ्या उंचीवर टांगल्या की एका मोठ्या झुंबराचं काम करतात.

जुन्या लोकांनी टांगायची सोय पण विचार करून केलेली असायची. दोर आणि कप्पी. मेणबत्त्या नाहीतर तेल होतं त्यामुळे झुंबर खाली घेतल्याशिवाय पेटवणं सोपं नव्हतं. आता बल्ब आले आणि ती सोय गेली, पण पुसायचं कसं? हा प्रश्न डबल हाइटवाल्या व्हिलांमध्ये फार मोठा आहे. १८-२० फुटी जागा, नियमाने २० फुटाला ५० ते ६० इंच उंचीचं झुंबर येतं, दिसतं राजेशाही, पण पावसाळ्यात चार महिने दमट हवा, कोळिष्टकं, काचेवर धूसर थर, आणि समुद्राजवळ असाल, कळंगुट, मिरामार, कोलवा, तर खारट वाऱ्याने लोखंडावरचं सोनेरी पॉलिश उडून गंज धरतो. अशा उंचीवर मोटरवर खालीवर होणारी लिफ्ट बसवून घ्या किंवा कप्पी तरी, नाहीतर दरवेळी मांची बांधावी लागते. किनाऱ्याजवळ पितळ बरं, काळवंडतं पण घासून परत उजळतं. आणि डबल हाइटमध्ये झुंबराचं खालचं टोक वरच्या मजल्याच्या जमिनीच्या पातळीपेक्षा फार खाली आणू नका, म्हणजे खालून पण पूर्ण दिसतं आणि वरच्या पॅसेजमधून पण.

बाकीच्या खोल्या पटकन. बेडरूममध्ये बरोबर पलंगाच्या वर मी टांगणार नाही, झोपून वर बघितलं की बल्ब डोळ्यात, पायथ्याकडे घ्या. पॅसेजला १०-१२ इंची कंदील पुरे. स्वयंपाकघरात नको, फोडणीचा तेलकट वाफारा काचेवर बसला की निघत नाही. घरापुढच्या उघड्या बाल्कांवावर झुंबर नको, तिथे वारा आणि पावसाची झड, बंद काचेचा कंदील टांगा. देवघरात छोटी हंडी, समईच्या ज्योतीपासून चांगली लांब.

एवढे आकडे काढून झाले की पैसे देण्याआधी एक काम नक्की करा. पुठ्ठ्याचं त्या व्यासाचं वर्तुळ कापा, दुसरं थोडं लहान कापा, दोन्हींच्या मध्ये झुंबराच्या उंचीएवढी सुतळी बांधा आणि हुकाला टांगा. आठवडाभर तसंच राहू द्या. दिवाळीचा मोठा आकाशकंदील घरात असेल तर तो मोजून टांगला तरी चालतं. सोफ्यावर बसून बघा, दारातून येताना बघा, टीव्ही बघताना मध्ये येतंय का बघा, घरातल्या सगळ्यात उंच माणसाला खालून हात वर करून शर्ट घालायला सांगा. आठवडाभरात आपोआप कळतं की दोन इंच वर हवं की खाली.

उजेडाचं पण गणित साईजशी जोडलेलं आहे. १२ बाय १६ म्हणजे जवळजवळ १८ चौरस मीटर, बसायच्या खोलीला १५० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १५० ल्युमेन उजेड धरला तर अडीच-तीन हजार ल्युमेन लागतात. चार-पाच वॅटचा एलईडी कॅन्डल बल्ब साधारण ४०० ल्युमेन देतो, म्हणजे आठ बाहूंचं झुंबर सहज पुरतं आणि तीन बाहूंचं पुरत नाही, कितीही सुंदर असलं तरी. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब घ्या, निळसर पांढऱ्या उजेडात काच मेल्यासारखी दिसते. होल्डर ई१४ म्हणजे बारीक आट्यांचा आहे की ई२७ म्हणजे जाड आट्यांचा तेवढं बघून घ्या, म्हणजे उद्या एक बल्ब गेला की म्हापशाच्या बाजारात सहज मिळतो. बल्ब आतच पक्के बसवलेले असतील तर गेल्यावर काय करायचं ते दुकानदाराकडून आधीच लिहून घ्या.

आणि वजन. साधा पंखा चार-पाच किलोचा, आठ बाहूंचं काचेचं झुंबर दहा-पंधरा किलो आरामात भरतं. स्लॅब घालतानाच सळीत अडकवून ठेवलेला हूक असेल तर चिंता कमी, पण नंतर भोक पाडून मारलेला असेल तर इलेक्ट्रिशियनला स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, म्हणजे आत फुलून घट्ट बसणारा बोल्ट, मारायला सांगा, जिप्समच्या सीलिंगला कधीच नाही. भावाकडचा इलेक्ट्रिशियन चांगला होता, झुंबर चढवायच्या आधी त्याने हुकाला सिमेंटची अर्धी गोण बांधली आणि म्हणाला, "वहिनी, ही रात्रभर राहू दे, उद्या सकाळी झुंबर." दुसऱ्या दिवशी गोण उतरवली, झुंबर चढलं, साखळी हवी तेवढी ठेवून उरलेल्या कड्या त्याने कापल्या नाहीत, वाटीच्या आत गुंडाळून ठेवल्या. तुम्ही पण कापू देऊ नका. उद्या सोफा हलला, सीलिंग बदललं, घर बदललं तर त्याच कड्या लागतात, आणि त्याच रंगाच्या परत मिळत नाहीत.